दुकान उघडं, बाजार बंद

२४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला, तेव्हा काय चालू राहील याची यादी केंद्राच्या आदेशात दिलेली होती. किराणा, दूध, भाजीपाला, फळं, मटण-मासळी, जनावरांचा चारा. म्हणजे मटणाचं दुकान जीवनावश्यक ठरलं. मात्र त्या दुकानातला बोकड ज्या आठवडी बाजारातून येतो, तो बाजार बंद झाला. महाराष्ट्रात जनावरांसह आठवडी बाजार भरवायला पुन्हा परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. मधल्या जवळजवळ सात महिन्यांत चैत्र-वैशाखातल्या जत्रा गेल्या, रमजान गेला, आखाड गेला, बकरी ईद गेली. शेळीवाल्याच्या घरात वर्षभरात पैसा येण्याचे जे दिवस असतात, त्यातले बहुतेक याच सात महिन्यांत होते.

मी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात पशुसखी म्हणून काम करते. आमचा हा पट्टा अवर्षणाचा. पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबककडे पाऊस धो धो कोसळतो आणि आमच्याकडे येईपर्यंत त्याचे ढग रिकामे झालेले असतात. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो कांदा करतो. बाकीच्या घरांना शेळ्या, मजुरी आणि सिन्नर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं विड्या वळायचं काम. शेळ्यांना जंताचं औषध पाजणं, लसीच्या वेळी बर्फाचा डबा घेऊन दारोदार फिरणं, गाभण शेळीच्या खुराकाबद्दल सांगणं, करडं जगवणं, हे माझं काम. शेळीमागे पाच-दहा रुपये मिळतात. पैशापेक्षा मोठी मिळकत म्हणजे घराघरातली ओळख. कोणाच्या दावणीला किती शेळ्या आहेत, कोणती कधी विणार आहे आणि कोणता बोकड कशासाठी राखून ठेवलाय, हे मला त्या घरातल्या कर्त्या माणसाआधी माहीत असतं. कारण शेळी बाईची असते. ऊस, कांदा, सोयाबीन यांचा पैसा सोसायटीच्या खात्यात किंवा नवऱ्याच्या खिशात जातो. बोकडाचा पैसा पदराच्या गाठीला येतो. त्यातून पोरीची फी, सासूचा चष्मा, भावाच्या लग्नातली साडी होते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या आणि जवळपास सत्तावीस लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्या आकड्याच्या मागे अशा किती गाठी असतील ते कोणी मोजलेलं नाही.

या बायकांच्या दृष्टीने बाजार म्हणजे काय, हे समजल्याशिवाय त्या वर्षी काय गेलं ते कळणार नाही. नांदूरशिंगोटे, दोडी, सिन्नर, घोटी, पलीकडे संगमनेर. या बाजारांत माणूस नुसता विकायला जात नाही. पाच-सहा व्यापारी एकाच बोकडाच्या पाठीवरून हात फिरवतात, कंबर चाचपतात, दात बघतात. एक जण साडेपाच म्हणतो, दुसरा सहा म्हणतो, दलाल रुमालाखाली कोणाची तरी बोटं दाबतो. त्या गर्दीत उभी असलेली बाई काही न बोलता ऐकत असते. विकायला काही नसलं तरी ती बाजारात चक्कर मारते आणि आठवडाभराचा भाव डोक्यात घेऊन घरी येते. दारात व्यापारी आला की तिच्याकडे सांगायला एक वाक्य असतं: ‘परवा बाजारात असाच बोकड साडेसहाला गेला.’ हे वाक्य हीच तिची ताकद. बाजार बंद झाला आणि तिच्या तोंडचं हे वाक्य गेलं.

दुर्दैव असं, की मार्चच्या सुरुवातीला बाजार चढा होता. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा फेब्रुवारीपासून मोबाईलवरून फिरत होती. पोल्ट्रीवाले अक्षरशः रडत होते. जिवंत कोंबडीचा भाव खाद्याच्या खर्चाच्याही खाली गेला, काहींनी पक्षी फुकट वाटले. लोक मटणाकडे वळले आणि व्यापारी आमच्या वस्त्यांवर फेऱ्या मारू लागले. चांगला भाव सांगत होते. पण जत्रांचा हंगाम तोंडावर होता. नवसाची कंदुरी, गावदेवीचा मान, पाहुणेरावळे. चैत्रात भाव आणखी चढतो हा सगळ्यांचा पिढीजात अनुभव. बायकांनी बोकड राखले. मग २२ मार्चचा जनता कर्फ्यू आला आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

पहिले काही दिवस भीतीतच गेले. गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, कुठे बैलगाडी आडवी लावली. मार्चअखेर निफाड तालुक्यात जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला. एप्रिलमध्ये मालेगाव पेटल्यासारखं झालं आणि शहर सील झालं. मालेगाव म्हणजे नांदगाव, चांदवड, येवला, बागलाण या सगळ्या भागांतल्या बोकडांचं मोठं गिऱ्हाईक. ते दार बंद झालं तेही नेमकं रमजानच्या तोंडावर. इकडे विड्यांची पानं-तंबाखू येणं थांबलं. मजुरी थांबली. जनधन खात्यात एप्रिल ते जून महिन्याला पाचशे रुपये जमा झाले आणि रेशनवर फुकट तांदूळ मिळाले. त्याने चूल पेटली. पण औषध, मोबाईलचं रिचार्ज, बचतगटाच्या कर्जाचा हप्ता यांना रोख लागते. रोख म्हणजे दावणीचा बोकड.

मग व्यापारी आला. पहाटे, दिवस उगवायच्या आत, आडवाटेने छोटा हत्ती घेऊन. पूर्वी पाच जण यायचे, आता एकटाच. तो म्हणेल तो भाव. एका मावशींच्या अंगणात मी उभी होते. बोकड पंचवीस किलोच्या आसपास, अंग भरलेलं. मार्चमध्ये त्याला साडेसहा हजार सांगितले होते. आता व्यापारी चार म्हणाला. मावशी म्हणाल्या, ‘दादा, मटण तर वाढलंय म्हणत्यात.’ तो म्हणाला, ‘वाढलंय ते दुकानात. माझी गाडी तीन ठिकाणी अडवतात, माल घेऊन परत आलो तर माझ्या घरी कोण बांधणार?’ त्याचंही काही खोटं नव्हतं. त्याने पोलिसांचा धाक, आजाराची भीती, माल पडून राहण्याचा धोका घेतला होता. पण हिशोब करून बघा. पंचवीस किलोच्या बोकडाचं निम्म्याच्या आसपास मटण पडतं, बारा किलो धरा. आमच्या भागात तेव्हा मटण सहाशेच्या वर जाऊन सातशेच्या वाटेला लागलं होतं. म्हणजे नुसत्या मटणाचेच साडेसात-आठ हजार, मुंडी-पाय-वजडी वेगळी. खाणाऱ्याने जास्त दिले, पाळणारीला कमी मिळाले आणि मधली दरी या काही महिन्यांत जेवढी रुंदावली तेवढी मी आधी कधी पाहिली नव्हती.

‘मग थांबायचं ना, विकायची काय घाई?’ असं शहरातले ओळखीचे लोक मला फोनवर विचारायचे. कांदा चाळीत थांबू शकतो. बोकड थांबत नाही. तो रोज खातो. वर्षाच्या आसपास त्याची वाढ मंदावते, खाणं मात्र चालूच राहतं. ठरावीक वयानंतर ठेवलेला प्रत्येक दिवस तोट्याचा. त्यात उन्हाळा, चारा संपलेला, शेळ्या सोडायला गावाबाहेर जायची बंदी. एक गोष्ट तेवढी हाताला लागली: मका स्वस्त झाला. पोल्ट्री बसल्यामुळे मक्याला उठाव राहिला नाही आणि येवला-नांदगावकडचा मका हमीभावाच्या कितीतरी खाली विकला गेला. मका पिकवणाऱ्याचं नुकसान झालं आणि आमच्या दावणीला भरडा मिळाला. त्या उन्हाळ्यात असं वारंवार घडलं. एकाचं बुडालेलं दुसऱ्याच्या जनावराच्या पोटात गेलं.

याचं सगळ्यात ठळक रूप मेंढ्यांच्या बाबतीत दिसलं. आमच्या भागातले काही धनगर वाडे दिवाळीनंतर घाट उतरून शहापूर, भिवंडी, कल्याणकडे जातात आणि पावसाच्या आधी परत वर येतात. बाकीचे जिल्ह्यातच कांदा-द्राक्षाच्या पट्ट्यात फिरतात. त्यांचं उत्पन्न तीन गोष्टींवर: शेतात रात्री वाडा बसवल्याबद्दल मिळणारं धान्य किंवा पैसे, कोकरांची विक्री आणि लोकर. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीला तर आधीच कोणी विचारत नव्हतं. घोंगडी विणणारे उरले किती? राहिली कोकरं आणि खत. गावबंदीने दोन्हींवर घाव घातला. घोड्यावर बिऱ्हाड, बरोबर कोंबड्या, कुत्री, लहान पोरं आणि शे-दोनशे मेंढ्या, असा हा संसार गावाबाहेरच्या माळावर जागच्या जागी अडकला. काही गावांनी विहिरीवर पाणी पाजायला मनाई केली. एका वाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांनी मला सांगितलं, ‘पोरी, इथं आपल्याच जिल्ह्यात चंदनपुरीला देवानं बानूच्या मेंढ्या राखल्या. आणि आम्हाला म्हणत्यात तुम्ही रोग घेऊन आलात.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता.

पण त्याच दिवसांत माणुसकीही दिसली. ज्या शेतकऱ्यांचा फ्लॉवर, कोबी, टोमॅटो बाजारात जाऊ शकत नव्हता, त्यांनी उभ्या पिकात मेंढ्या सोडायला सांगितलं. मनावर केवढा दगड ठेवून सांगितलं असेल! स्वतः लावलेलं, खुरपलेलं, पाणी दिलेलं पीक. बांधावर उभं राहून एक शेतकरी दादा म्हणाले, ‘कुजण्यापेक्षा मुक्या जिवाच्या पोटात जाऊ दे.’ काही द्राक्षबागांतला न विकलेला मालही जनावरांपुढे पडला. त्यातून माझं काम वाढलं. गोड द्राक्षं आणि धान्य एकदम पोटभर खाल्लं तर शेळी-मेंढीच्या पोटात आम्लता होते, पोट फुगतं, जनावर आडवं पडतं. मला गावाबाहेर पडायचा पास नव्हता, म्हणून फोनवरूनच सांगायचं: आधी वाळला चारा द्या, द्राक्षं मूठ-दोन मूठ, पोट गच्च वाटलं तर खायचा सोडा पाण्यातून पाजा, बसू देऊ नका, डॉक्टरांना फोन लावा. काही वाचल्या, काही गेल्या.

लसीकरणाचंही तसंच. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात टोचायची असते. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत फुटतं, जनावरं अधाशासारखी खातात आणि रात्री धडधाकट असलेली शेळी सकाळी मेलेली सापडते. त्या वर्षी लस आमच्या हातात उशिरा आली. जनावरांचे दवाखाने उघडे होते, पण लस पोचवणारी गाडी, बर्फ, वस्तीवर जाणारं माणूस ही साखळी जागोजाग तुटलेली होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून चढून आमच्याकडे आलं आणि उघड्यावरच्या वाड्यांना झोडपून गेलं. जून-जुलैत मी ज्या घरांत गेले त्यातल्या कित्येकांकडून करडू गेल्याचं ऐकलं. महामारीचा हा भाग कोणत्याच आकड्यात येत नाही. करडू विषाणूने मेलं नाही, लस न मिळाल्याने मेलं. पण घराचं नुकसान तेवढंच.

मग आली बकरी ईद. त्या वर्षी १ ऑगस्टला होती. कुर्बानीचा बोकड तयार करणं ही वेगळीच तपश्चर्या आहे. करडू जन्मलं की बाई ठरवते, हा ईदचा. त्याला वर्षभर जपायचं. दोन दाती झाला पाहिजे, शिंग मोडलेलं नको, कान फाटलेला नको, पाय लंगडा नको. हरभऱ्याचं भुसकट, मक्याचा भरडा, शेवरी, बाभळीच्या शेंगा. घरातल्या पोरांना अंडं मिळत नाही, पण बोकडाचा खुराक चुकत नाही, कारण त्या एका जनावरावर मटणाच्या भावापेक्षा दुपटीने पैसे येतात. घेणाराही श्रद्धेने घेतो, घासाघीस करतो पण चांगल्या जनावराची कदर करतो. मुंबईतल्या देवनारच्या बाजारापर्यंत आमच्या भागातले बोकड जातात.

जुलैमध्ये राज्य सरकारच्या सूचना आल्या: जनावरांचे बाजार बंद राहतील, खरेदी ऑनलाइन किंवा फोनवरून करावी, शक्यतो प्रतीकात्मक कुर्बानी करावी. आजार रोखायचा होता, गर्दी नको होती, हे मान्य. पण ‘ऑनलाइन’ हा शब्द आमच्या वस्तीत आला तेव्हा काय झालं ते सांगते. घरात चांगला फोन एकच. त्याच्यावर सकाळी मुलीची शाळा, दुपारी मुलाची शाळा. शाळा सुटल्यावर बोकडाचा व्हिडिओ काढायचा. पोरं बोकडाला धुऊन, गळ्यात घुंगरू बांधून उभं करायची. व्हिडिओ भिवंडीला, मालेगावला, नाशिकला जायचा. समोरचा विचारायचा, ‘दात दाखवा, चालवून दाखवा, वजन किती?’ वजन कोणाला माहीत? काटा कुठे होता? आगाऊ रक्कम पाठवायला तो घाबरायचा, आगाऊ न घेता जनावर पाठवायला ही घाबरायची. काही सौदे झाले, ते ज्यांची आधीपासून ओळख होती त्यांचे. बाकीचे बोकड ईद उलटून गेली तरी दावणीला होते. आणि ईद उलटली की त्या जनावराचं वेगळेपण एका रात्रीत संपतं. वर्षभर खुराक घातलेला बोकड मटणाच्या भावाने, तोही दारात आलेल्या एकट्या व्यापाऱ्याच्या भावाने गेला. एका आक्कांनी दोन बोकड असे विकले आणि मुलाच्या आयटीआयच्या प्रवेशाचे पैसे भरता आले नाहीत. पुढच्या वर्षीची, २१ जुलै २०२१ ची ईदही अशाच सूचनांखाली गेली.

हे फक्त आमच्याकडे घडलं असं नाही. २०२० मध्ये हज यात्रेला सौदी अरेबियाबाहेरून कोणालाच येऊ दिलं नाही, आणि हजच्या हंगामावर ज्यांचं वर्ष अवलंबून आहे त्या सोमालियातल्या शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांवर संकट कोसळलं. आपल्या ओझरच्या विमानतळावरूनही शारजाला मालवाहू विमानाने जिवंत शेळ्या-मेंढ्या गेल्या आहेत. जगाच्या बाजाराशी आपण एवढे जोडलेले आहोत. पण ज्या बाईने ती शेळी वाढवली तिला आज नांदूरशिंगोट्यात काय भाव चाललाय हे कळायला बाजाराशिवाय दुसरी सोय नव्हती.

१५ ऑक्टोबरनंतर बाजार हळूहळू भरू लागले आणि भाव एकदम वर गेले. लोक म्हणाले, शेळीवाल्यांचं भलं झालं. माझ्या डोळ्यांनी मी वेगळं पाहत होते. भाव होता, पण विकायला बोकड नव्हते. उन्हाळ्यात आधी बोकड गेले, मग पाटी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण शेळ्या, गेल्या आणि जुलै-ऑगस्टपर्यंत ज्यांचा इलाज चालेना त्यांनी दुभत्या, काही ठिकाणी गाभण शेळ्याही काढल्या. बोकड विकला तर व्याज गेलं. शेळी विकली तर मुद्दल गेलं. हे मुद्दल परत उभं राहायला किती वेळ लागतो? पाट घेतली तर ती नऊ-दहा महिन्यांनी माजावर येऊन लागते, पाच महिने गाभण राहते, मग करडू विकण्याजोगं व्हायला पुन्हा आठ-दहा महिने. म्हणजे २०२० च्या उन्हाळ्यात विकलेल्या शेळीची भरपाई २०२२ शिवाय होत नाही, तीही मधे काही वाईट घडलं नाही तर. दुकान शटर वर करून दुसऱ्या दिवशी चालू होतं. कळपाला शटर नसतं.

आणि मधे वाईट घडलंच. २०२१ च्या एप्रिल-मेमधली दुसरी लाट नाशिक जिल्ह्यावर फार क्रूरपणे आली. पहिल्या लाटेत उपजीविका गेली होती, या लाटेत माणसं गेली. खाटांसाठी, इंजेक्शनसाठी, छातीच्या स्कॅनसाठी पैसा उभा करायचा होता, तो रात्रीतून. बाजार पुन्हा बंद होते. नवरा दवाखान्यात, दारात व्यापारी, आणि बाई एकटी. अशा वेळी कोण भाव करणार? एका वस्तीवर सकाळी गेले तर ओळीने चार गोठे रिकामे होते. एका घरी माणूस वाचला. दोन घरी शेळ्याही गेल्या आणि माणूसही. सरकारी दवाखान्यात सगळ्यांना जागा मिळाली असती तर या शेळ्या विकाव्या लागल्या नसत्या, हे लिहून ठेवायलाच हवं. शेळीपालनाचं नुकसान म्हणून आपण जे मोजतो, त्यातला मोठा हिस्सा खरं तर आजारपणाचा खर्च आहे.

याच काळात उलट्या दिशेनेही एक लाट आली. मुंबई-पुण्याहून, नाशिकच्या अंबड-सातपूरहून, आमच्याच मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीतून काम सुटलेली तरुण मुलं गावात परतली होती. मोबाईलवर शेळीपालनातून लाखोंच्या उत्पन्नाचे व्हिडिओ पाहून त्यांनी पत्र्याचे शेड उभारले. उस्मानाबादी, संगमनेरी, बोअर, बीटल, जे मिळेल ते मागतील त्या भावाने घेतलं. पैदाशीच्या शेळ्यांचे भाव त्यामुळे आणखी चढले आणि ज्या बाईने आपली शेळी चार-पाच हजारांत विकली होती, तिला तशीच शेळी परत घ्यायला दुप्पट मोजावे लागले. त्या मुलांना मी दोष देत नाही. हाताला काम हवं होतं. त्यातल्या काहींनी मन लावून शिकून घेतलं, वेळेवर लस दिली, चारा पिकवला, आणि आज ते उत्तम करतात. पण बऱ्याच शेडमध्ये कागदावर दरवर्षी दोन-दोन करडं धरलेली होती आणि मर धरलेलीच नव्हती. पीपीआरची साथ आली, पावसाळ्यात न्यूमोनिया आला, कंपनी पुन्हा सुरू झाली, शेड रिकामे झाले. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला. पुणे, नगर आणि आपल्या जिल्ह्यात हजारो शेळ्या-मेंढ्या थंडीने मेल्या. नैसर्गिक आपत्तीच्या तेव्हाच्या निकषात एका शेळी-मेंढीला तीन हजार रुपये होते. दोन वर्षं आधीच झिजलेल्या वाड्यांना त्या तीन हजारांत काय उभं राहणार होतं?

एवढ्या सगळ्यातून आम्ही काय केलं, तेही सांगते. आमच्या बचतगटाने एक टांगता वजनकाटा घेतला. साधी गोष्ट आहे. पण काटा आला आणि अंगणातलं बोलणं बदललं. आधी व्यापारी पाठ चाचपून म्हणायचा, ‘वीस किलोच्या वर नाही हा.’ आता बोकड काट्यावर चढतो आणि आकडा सगळ्यांसमोर येतो. मग भाव किलोवर होतो. आसपासच्या गावांतल्या पशुसख्या दर आठवड्याला फोन करून एकमेकींना सांगतात, तुमच्याकडे जिवंत वजनाला किती मिळाला, आमच्याकडे किती. बाजार बंद असला तरी भाव सांगणारं ते वाक्य बायकांच्या तोंडी परत आलं. पैशाची घाई नसेल तर चार घरांचे बोकड एकदम द्यायचे, म्हणजे व्यापाऱ्याचा गाडीखर्च वाचतो आणि तोही चार पैसे जास्त देतो. याला मोठं भांडवल लागत नाही. सिन्नर तालुक्यात ‘युवा मित्र’ संस्थेच्या मदतीने बायकांनी उभी केलेली सावित्रीबाई फुले गोट फार्मिंग प्रोड्युसर कंपनी आहे. शेळीवाल्या बायका एकत्र येऊन स्वतःची कंपनी चालवू शकतात, हे आमच्या तालुक्याला नवीन नाही. एकेकटी बाई व्यापाऱ्यासमोर दुसरा ग्राहक नसलेली विक्रेती असते. पन्नास जणी मिळून बाजार होतात.

जून २०२० मध्ये केंद्राने पशुसंवर्धनाच्या पायाभूत सुविधांसाठी पंधरा हजार कोटींचा निधी मंजूर केला. दूध प्रक्रिया, मांस प्रक्रिया, पशुखाद्याचे कारखाने यांच्या कर्जाला व्याजात सवलत. कारखाने हवेतच. पण सहा शेळ्यांची मालकीण त्या योजनेच्या दारापर्यंत पोचत नाही. तिला हवं आहे ते फार लहान आहे आणि म्हणूनच ते राहून जातं. त्याच उन्हाळ्यात कांद्याचे लिलाव नियम घालून, अंतर ठेवून, बंद पडत आणि पुन्हा उघडत का होईना, चालवले गेले. कारण कांदा थांबला तर जिल्हा थांबतो हे सगळ्यांना माहीत आहे. तेच शेळ्यांच्या बाजारात करता आलं असतं. हा बाजार मोकळ्या मैदानातच भरतो. गावांना वार वाटून देता आले असते, टोकन देऊन माणसं मोजून सोडता आली असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. उद्या पुन्हा अशी वेळ आली, मग ती माणसाच्या आजाराची असो की जनावराच्या, आणि जीवनावश्यक गोष्टींची यादी करायची झाली, तर मटणाच्या दुकानाबरोबर शेळी-मेंढीचा बाजारही त्या यादीत लिहा. नियम कडक लावा, पण भाव कळण्याची जागा बंद करू नका. प्रत्येक आठवडी बाजारात सरकारी वजनकाटा बसवा आणि त्या दिवशीचा जिवंत वजनाचा दर फळ्यावर लिहा, जसा कांद्याचा लिहितात. पशुसखीला आणि वाड्यावर जाणाऱ्या लस टोचणाऱ्याला आशा ताईंसारखाच पास द्या. आणि नुकसानीचा हिशोब करताना मेलेल्या जनावरांबरोबर नाइलाजाने विकलेल्या शेळ्याही मोजा, म्हणजे त्या घराला पाट घ्यायला मदत देता येईल. यातल्या काट्याचं आणि फळ्याचं काम तर ग्रामपंचायत आणि बाजार समिती मनावर घेतील तर येत्या हंगामातच होऊ शकतं.